दिव्याखाली निर्धोक, उन्हात घातक

उन्हापासून बचाव करणाऱ्या काही मलमांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग! समुद्रात पोहताना हे कण पाण्यात उतरतात. तिथली सूक्ष्म शैवाले म्हणजे मासळीच्या अन्नसाखळीचा पाया. पृथ्वीवरचे सुमारे निम्मे प्रकाशसंश्लेषण अशा प्लवकांकडूनच होते.

कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१० मध्ये चार जातींच्या सागरी प्लवकांवर प्रयोग केले. झिंक ऑक्साइड विरघळून जस्ताचे आयन सुटले आणि चारही जातींची वाढ मंदावली. टायटॅनियमचे कण मात्र निरुपद्रवी वाटले. पण २०१२ मध्ये त्यांनीच निसर्गात असतात तेवढे अतिनील किरण सोडले, तेव्हा तेही विषारी ठरले!

म्हणून 'सुरक्षित' असा शिक्का मारण्यापूर्वी चाचणी उन्हात व्हायला हवी. शैवाले राहतात तीही उन्हातच.