विलंबित स्मरणाची चाचणी

अल्झायमरच्या आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, लवकर बाधित होत असल्याने जुने प्रसंग तपशीलवार सांगणारी व्यक्तीही सकाळचे बोलणे विसरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोका’ या ३० गुणांच्या चाचणीत पाच शब्द ऐकवून ते म्हणवून घेतले जातात आणि सुमारे पाच मिनिटांनी पुन्हा विचारले जातात. यालाच विलंबित स्मरण म्हणतात. शब्द न सुचल्यास ‘शरीराचा एक भाग’ असा संकेत देता येतो, आणि संकेतानंतरही तो आठवला नाही, तर तो मुळात साठवलाच गेला नसावा, ही शंका अधिक गंभीर ठरते. मात्र अल्पशिक्षण, ऐकू कमी येणे, नैराश्य किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही गुण घटतात, त्यामुळे केवळ गुणांवरून कोणालाही अल्झायमरचा रुग्ण ठरवणे अन्यायाचेच होय.