बोरूच्या बनातील मिशाळ पक्षी

इंग्लंडच्या वायव्येस, लँकेशायर परगण्यात, लेटन मॉस नावाची पाणथळ जागा आहे. तेथे माणसाहून उंच अशा बोरूच्या दाट बनात एक चिमुकला पक्षी आपले सारे आयुष्य काढतो. इंग्रजीत त्याला ‘बिअर्डेड टिट’, म्हणजे दाढीवाला टिट म्हणतात. हे नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. नराच्या चेहऱ्यावर असतात त्या काळ्याभोर लोंबत्या मिशा, दाढी नव्हे. आणि टिट पक्ष्यांशी त्याचे जवळचे नाते नाही. आपल्या कुळात तो एकटाच असून त्याचे निकटचे आप्त चंडोल होत.

दालचिनी रंगाचे अंग, निळसर राखी डोके, नारिंगी डोळा. इतका देखणा पक्षी, पण छायाचित्रकाराला तो वर्षभर बहुधा ऐकूच येतो. ‘पिंग’ असा नाजूक आवाज होतो, कोठेतरी एक काडी हलते, आणि संपले! वारा असला तर सगळ्याच काड्या हलतात. आपोआप नेम साधणारे आधुनिक कॅमेरेदेखील पक्ष्याऐवजी पुढच्या काडीवर स्थिरावतात.

शरद ऋतूत मात्र त्याला उघड्यावर यावे लागते. त्याचे कारण त्याच्या पोटात आहे. उन्हाळ्यात तो मऊ कीटक खातो. थंडीत कीटक उरत नाहीत, तेव्हा बोरूच्या बियांवर गुजराण करावी लागते. या बिया दळण्यासाठी तो वाळूचे बारीक खडे गिळतो व त्याचे जठरही अधिक स्नायुमय होते. म्हणून लेटन मॉस येथे पायवाटेलगत खडे पसरलेली तबके ठेवलेली आहेत. ऑक्टोबरातील निवांत सकाळी पक्षी तेथे उतरतात आणि छायाचित्रकारांना वाटेवरूनच चित्रे मिळतात; बनात शिरण्याची गरज पडत नाही.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. १९४७ च्या कडक हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये या पक्ष्यांच्या अगदी मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. वर्षातून दोन-तीन वेळा वीण होत असल्याने, आणि १९६० नंतर हॉलंडमधील नव्या बोरूबनांतून पक्षी आल्याने, ही जात सावरली. तुडवलेल्या काड्यांतून घरट्याकडे वाट उघडी पडते. १९८१ च्या ब्रिटिश कायद्यान्वये विणीच्या काळात घरट्यापाशी या पक्ष्याला मुद्दाम त्रास देणे हा गुन्हा आहे. घरट्याच्या चित्रासाठी परवाना लागतो.

तबकावरचा मुक्काम थोडाच असतो. खडे टिपून झाले की पक्षी पुन्हा बनात शिरतो, आणि एक पाय एका काडीवर, दुसरा दुसऱ्या काडीवर असा तोल सांभाळत बियांच्या तुऱ्याकडे चढू लागतो.