जखमी अश्वाची सेवा
(मुक्कामी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सदाशिवनगरला, बाजीराव विहिरीला रिंगण झालं की टापांखालची माती कपाळी लावायला आपण धावतो. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो; त्यावर माउली बसतात, हा आपला भाव. पण घोडा जखमी झाला तर काय करायचं, हे आपल्याला ठाऊक नसतं. आमची चूक सांगतो. एका वर्षी दिंडीतल्या घोड्याच्या मागच्या पायाला तार लागली. भोवती ही गर्दी! कुणी हळद भरली, कुणी चुना, कुणी तंबाखू. घोडा बिथरला, जखम चिघळली. भाव खरा होता, उपाय चुकला.

म्हणून पहिली सेवा म्हणजे मागं सरणं. टाळ-मृदंग थांबवा. ओळखीच्या एकानंच बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जावं, लगाम धरावा. मागं कुणी उभं राहू नये.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ धुतलेलं फडकं घट्ट दाबून धरा. दहा-पंधरा मिनिटं उचलून बघू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. रक्त उसळ्या मारत येत असेल तर दाब सोडू नका, डॉक्टर येईपर्यंत धरा. रक्त थांबलेली साधी जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा. एक लिटरला दोन लहान चमचे मीठ. सांध्याजवळची जखम लहान दिसली तरी डॉक्टरला दाखवाच.

टापेत खिळा घुसला तर घाईनं उपटू नका. किती खोल, कुठल्या दिशेनं गेलाय, हे डॉक्टरला बघू द्या. घोडा चालवू नका. खिळा आपोआप निघालाच, तर जागेवर खूण करा आणि खिळा जपून ठेवा.

धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. त्याचे जंतू मातीत, लिदीत असतात. टापांखालची माती आपल्या कपाळी शोभते, त्याच्या जखमेत नको. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं डॉक्टरला आठवणीनं विचारा.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, फुकट लागतो. तो विणेकऱ्यापासून पाणक्यापर्यंत सगळ्यांनी पाठ करावा. मीठ, स्वच्छ फडकी, कापूस, पट्ट्या यांची एक पेटी सामानाच्या ट्रकात नको, घोड्यासोबत चालू द्या.

वर्षानुवर्षं ही मुकी जनावरं आपल्यासंगं चालली. त्यांचं एवढं देणं आपण लागतो.

रामकृष्ण हरी!