जुना पेपर उघडत नाही तेव्हा

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



स्मरणिकेच्या कामांची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला 'पेपरमधली जुनी कात्रणं' हे खातं आलं. कारण एकच, मी कॉम्प्युटरमधली. कॉम्प्युटरमधल्या माणसाला प्रिंटर, वायफाय आणि शेजारच्या आजोबांचा मोबाइल हे सगळं दुरुस्त करता येतं असा आपल्याकडे समज आहे. तो दूर करण्याचा प्रयत्न मी पंचवीस वर्षांपूर्वीच सोडला.

खरं काम होतं आपल्या भूगोलाच्या सरांची पत्रं शोधायचं. सर पेपरात पत्रं लिहायचे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आपण वर्गात नकाशा भरत असताना ते मागे बसून पोस्टकार्ड लिहायचे, हेही माहीत आहे. दरवर्षी जुलै महिन्यात त्यांचं एक पत्र ठरलेलं असे, पानशेतवर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा सर शाळकरी होते आणि नारायण पेठेत राहायचे. नदीपात्रातली बांधकामं, अरुंद झालेलं पात्र, पुसल्या गेलेल्या पूरखुणा यांवर ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले.

सर गेल्यावर त्यांच्या मुलीने आपल्याला एक वही दिली. काकूंनी खळ लावून चिकटवलेली कात्रणं, खाली तारीख, वळणदार अक्षर. ही वही २००० सालापाशी थांबते. का थांबते, तेही तिनेच सांगितलं. पेपर नेटवर दिसायला लागला होता, म्हणून तीच आईला म्हणाली होती, "आता कापत बसू नकोस, तिथे ते कायम राहणार आहे." सर लिहीत राहिले ते २००८ पर्यंत. म्हणजे आठ जुलै, आठ पत्रं, आणि त्यातलं एकही घरात नाही.

गंमत बघा. 'केसरी' जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाला. त्याच्या जुन्या फायली अभ्यासक आजही चाळतात. कागद पिवळा पडलेला असतो, कडा तुटतात, पण अक्षर वाचता येतं. 'सकाळ' १९३२ चा, त्याचे जुने अंकही ग्रंथालयात बसून बघता येतात. आपण दहावीला होतो त्या काळातला अंक हवा असेल तरी तोच रस्ता आहे, बांधीव फाइल आणि नाकाला रुमाल. अडचण सुरू होते त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. शंभर वर्षांपूर्वीचा अग्रलेख वाचता येतो आणि वीस वर्षांपूर्वीचं पत्र उघडत नाही.

असं का होतं ते सांगते, कारण घरोघरी हीच तक्रार ऐकू येते. कुणाला वडिलांच्या सत्काराची बातमी हवी असते, कुणाला आईचा लेख. पान उघडतं आणि त्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, पौंडाची चिन्हं असा खिचडा दिसतो. मग लोक म्हणतात, व्हायरस आला. व्हायरस वगैरे काही नसतं. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये असली तरी आपली वर्तमानपत्रं पुढे बरीच वर्षं स्वतःच्या फॉन्टवर चालत होती. त्या फॉन्टमध्ये 'क' हा खरा 'क' नसतोच. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर खिचडा. अनेक साइट्स हा फॉन्ट पानासोबत पाठवायच्या, पण तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररलाच समजायचा. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये बंद केला.

त्यामुळे खिचडा दिसला तर पान बंद करू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त मुखवटा गेलाय. पानाच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून सोर्स बघितला तर फॉन्टचं नाव सापडतं. श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी, शिवाजी असं काहीतरी. त्या नावाचं युनिकोड कन्व्हर्टर फुकट मिळतं. मजकूर कॉपी करायचा, त्यात टाकायचा. नंतर मात्र डोळ्यांनी तपासायचं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. म्हणून रफार चुकतो आणि 'धर्म'चा 'धमर्' होतो. पहिली वेलांटी तर हमखास घर चुकते. सरांचं २००२ चं पत्र असं बाहेर आलं तेव्हा त्यात 'पूररेषा' शब्द सोडून एकही शब्द धड नव्हता. ते आपल्या मराठीच्या बाईंनी दुरुस्त केलं. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, भिंग घेऊन, लाल पेनने. मला दोन ठिकाणी 'नीट बघ' असा शेराही मिळाला.

दुसरी तऱ्हा म्हणजे पानच नसतं. पेपरने साइट नवी केली की जुने पत्ते मरतात. अशा वेळी जुनी लिंक वेबॅक मशीनमध्ये टाकून बघायची. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची पानं साठवतेय आणि हे दालन २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. कॅलेंडर दिसतं, त्यात ज्या दिवशी पान साठवलं त्या दिवशी गोल असतो. लेखाची लिंक नसेल तर त्या काळातलं पेपरचं मुखपृष्ठ उघडायचं आणि तिथून आत जायचं. सगळं मिळत नाही. पण २००१ आणि २००३ ची पत्रं मला तिथेच मिळाली, एक अर्धं, एक पूर्ण.

त्यानंतरचा काळ ई-पेपरचा. बरेच ई-पेपर तेव्हा फ्लॅशवर चालायचे. फ्लॅश डिसेंबर २०२० अखेर संपलं, त्यामुळे पानाच्या जागी करडा चौकोन दिसतो. इथे तुमचा ब्राउझर कितीही झटकलात तरी उपयोग नाही. मी सरळ त्या दैनिकाच्या संदर्भ विभागाला फोन केला, वर्ष आणि महिना सांगितला, आणि दोन दिवसांत २००५, २००७ आणि २००८ च्या पानांचे स्कॅन आले. इंजिनिअरिंगची पदवी असूनही सांगते, बऱ्याचदा फोन हाच उत्तम उपाय असतो. स्मरणिकेत छापायची परवानगीही त्याच फोनवर मागितली. तीही तुम्ही मागत जा.

आजचा ई-पेपर उघडत नाही त्याची कारणं साधी असतात. पॉप-अप अडवलेलं असतं, लॉगिनची मुदत संपलेली असते, किंवा मोबाइल तुम्हाला ॲपकडे ढकलत राहतो. खासगी विंडोत किंवा लॅपटॉपवर उघडून बघा. आवृत्ती तपासा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण यांची पानं वेगळी असतात, आणि शाळांच्या बातम्या बहुतेक वेळा पुरवणीत जातात. तारीख कार्यक्रमाची टाकू नका, पुढच्या दिवसापासून आठवडाभर बघा. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमाची बातमी १६ ला शोधून लोक थकतात, पण १५ ला छापखाना बंद असला तर १६ ला अंकच नसतो.

आणि शोधपेटीत शब्द टाकल्यावर 'काही आढळले नाही' असं आलं तर लगेच विश्वास ठेवू नका. ई-पेपरचं पान हे चित्र असतं, चित्रात शब्द सापडत नाहीत. मजकूर खरा असला तरी आपली भाषा यंत्राला चकवते. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखा, आतून वेगळा. 'ॲथलेटिक्स'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र ठेवायचे. आंतरशालेय स्पर्धेतल्या आपल्या सुवर्णपदकाची बातमी याच एका चंद्रापायी तीन आठवडे सापडत नव्हती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं काही शोधत असाल तर 'काही'ऐवजी 'कांहीं' टाकून बघा. अनुस्वार वाचवणं ही अलीकडची गोष्ट आहे.

आता हिशेब. आठपैकी सहा पत्रं मिळाली, ती या अंकात आहेत. २००३ चं पत्र मला सगळ्यांत आवडलं. सर म्हणतात, पेठेतल्या प्रत्येक शाळेने १९६१ चं पाणी कुठवर आलं होतं ती रेघ भिंतीवर रंगवावी आणि दर जुलैला पाचवीच्या मुलांना तिच्या शेजारी उभं करावं. मुख्याध्यापक आज समोरच बसलेत, म्हणून हे मुद्दाम मोठ्याने वाचलं.

२००४ आणि २००६ ची दोन पत्रं राहिली. वेबॅकमध्ये ते आठवडे नाहीत, संदर्भ विभागाकडे त्या महिन्यांच्या पुरवण्या नाहीत. पुण्यात माळे आहेत आणि माळ्यावर रद्दी आहे, त्यामुळे मी आशा सोडलेली नाही. १० ते २० जुलै, २००४ आणि २००६. कुणाच्या ट्रंकेत तळाला कागद अंथरलेला असेल, तर तो उचलण्याआधी तारीख बघा आणि मला फोन करा. मी न्यायला येईन. फोटो पाठवणार असाल तर पान सपाट ठेवा, खिडकीजवळ काढा, आणि तारखेची पट्टी कापू नका.