नोकरी तीन महिन्यांची, घर अकरा महिन्यांचं

(वसई पूर्व येथे नोकरदार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत चहा संपवून आपण उठतच होतो, तेव्हा एका मैत्रिणीने एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज त्याच विषयावर बोलायचं ठरलं. तिची परवानगी घेऊन सांगते, नाव मात्र सांगत नाही.

ती वालीवच्या एका गाळ्यात बॅगा शिवते. ठेकेदार दर तीन महिन्यांनी नवा कागद करतो, त्यावर ती सही करते. कधी कागद होतो, कधी नुसतं "उद्यापासून ये" एवढंच होतं. मुलीला घेऊन ती नालासोपाऱ्याला भावाकडे राहते. वहिनी वाईट नाही, पण दोन खोल्यांत सात माणसं, आणि मुलगी दहावीला. आता तिला एक वन रूम किचन मिळतंय. भाडं ७,५०० रुपये, डिपॉझिट ४०,००० आणि करार ११ महिन्यांचा. तिचा पगार १७,०००. तिने विचारलं, "ताई, घेऊ की नको? पुढच्या महिन्यात काम असेल की नाही तेच मला ठाऊक नाही."

त्या वेळी कुणीतरी म्हणालं, "नको बाई, आधी नोकरी पक्की होऊ दे." सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण मी तुम्हाला विचारते, आपल्यापैकी कितीजणींची नोकरी कधी पक्की झाली? वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये, मॉलमध्ये, खाजगी शाळांत, अंधेरी-मालाडच्या ऑफिसांत आपण कामं करतो. पक्की नोकरी मिळाल्यावरच घर घ्यायचं म्हटलं, तर आपल्यातल्या निम्म्याजणी म्हातारपणापर्यंत भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या घरात मान खाली घालून राहतील. काहीजणी मार खात राहतील. तेव्हा "नको" हे उत्तर मला पुरत नाही. आणि "देवावर भरवसा ठेवून घे" हेही पुरत नाही. असं का, ते माझ्याच अनुभवावरून सांगते.

२०२० साली मी विरारला भाड्याने राहत होते आणि अंधेरीच्या एका खाजगी ऑफिसात नोकरीला होते. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. दोन महिने अर्धा पगार आला, मग एक फोन आला आणि नोकरी संपली. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या, त्यात मी बसत नव्हते. २१ ऑक्टोबरपासून बायकांना लोकलमध्ये चढायची मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दहाच्या ऑफिसला अकराच्या गाडीने कसं पोचायचं? एक नवी नोकरी माझ्या हातातून गेली ती अशी. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने त्या एप्रिलमध्ये घरमालकांना सांगितलं होतं की निदान तीन महिने भाडं पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. मी ते पत्रक घरमालकाला मोबाइलवर दाखवलं. तो म्हणाला, "पुढे ढकललं म्हणजे माफ केलं नाही." आणि खरंच, तसंच होतं ते.

घर सोडायला गेले तेव्हा मी माझा करार पहिल्यांदा नीट वाचला. त्यात लिहिलं होतं की पूर्ण ११ महिने मला घर सोडता येणार नाही, सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाईल. माझी सही खाली होतीच. भाडं मात्र मी ५०० रुपयांनी कमी करून घेतलं होतं, त्याचा मला केवढा अभिमान होता!

म्हणून आजच्या या मैत्रिणीबरोबर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सगळेच विचारतात, "भाडं परवडेल का?" आम्ही विचारलं, "ज्या दिवशी काम जाईल, त्या दिवशी माझे किती पैसे परत येतील आणि किती दिवस डोक्यावर छप्पर राहील?"

समजा चौथ्या महिन्याच्या शेवटी काम गेलं. घर सोडता येणार नाही असा जो काळ असतो, त्याला सगळे लॉक-इन म्हणतात. तो ११ महिन्यांचा असेल तर सात महिन्यांचं भाडं तिच्या अंगावर येतं, म्हणजे ५२,५००. डिपॉझिट ४०,०००. सगळं डिपॉझिट बुडालं, वर भांडण. तेच लॉक-इन तीन महिन्यांचं आणि नंतर एक महिन्याची नोटीस असेल तर ७,५०० कापले जातात आणि ३२,५०० परत येतात. त्या पैशांत दुसरी लहान खोली बघता येते, मुलीची परीक्षा होईपर्यंत तग धरता येतो. आता ५०० रुपये भाडं कमी करून घेतलं तर ११ महिन्यांत वाचतात ५,५००. आणि लॉक-इनबद्दल एक वाक्य बदलून घेतलं तर वेळेला ३२,५०० वाचतात. आपण घासाघीस करतो ती कुठे, आणि करायला हवी कुठे!

तिला मी सांगितलं की करारात एक ओळ घालून माग: नोकरी सुटल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल, लॉक-इन लागू होणार नाही. घरमालक नाही म्हणेल, म्हणू दे. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि एक उलटा प्रश्नही विचारायचा: हे लॉक-इन फक्त माझ्यावर की तुमच्यावरही? पुष्कळ करारांत भाडेकरणीला बांधून ठेवलेलं असतं आणि मालक एक महिन्याच्या नोटिशीवर मोकळा.

आता कराराच्या कागदाबद्दल. एजंट हमखास सांगतो, "ताई, अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी करून देतो." महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती जुन्या नोंदणी कायद्यामुळे, त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने सांगितलं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदणीकृत करारच नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. हे कलम वाचून मला पहिल्यांदा कायद्याबद्दल थोडं प्रेम वाटलं.

खर्चाचा बाऊ करतात तोही खरा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर धरलेल्या व्याजाच्या पाव टक्का. या मैत्रिणीच्या हिशोबात ते दोन-तीनशे रुपये होतं. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत १,००० रुपये. बाकी जे काही एजंट मागतो ते त्याच्या कष्टाचे, तेव्हा आकडा आधी ठरवून घ्या.

पण कायदा फक्त आपल्याच बाजूने आहे असं समजू नका. लायसन्स म्हणजे नुसती राहायची परवानगी, घरात हक्क निर्माण होत नाही. मुदत संपल्यावर राहिलात, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर रिकामं करून घेऊ शकतो आणि तोवरच्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे मागू शकतो. "बघू, काढेल तेव्हा काढेल" हा सल्ला आपल्यात फार हिंडतो. तो ऐकू नका.

हेवी डिपॉझिटबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. भाडं नाही, फक्त दोन-चार लाख एकरकमी द्या आणि राहा. नोकरीची शाश्वती नसलेल्या बाईला हे फार गोड वाटतं, कारण दर महिन्याची धास्ती जाते. म्हणून आपण मंगळसूत्र मोडतो, गावची जमीन विकून भावाने दिलेला वाटा घालतो. पण ते सगळे पैसे एका माणसाच्या शब्दावर आणि एका इमारतीवर ठेवलेले असतात. मालकाने बँकेचा हप्ता थकवला आणि बँकेने घराला सील लावलं तर आपण कुणाच्या दारात उभ्या राहणार?

आणि इमारत म्हणाल तर आपल्या वसई-विरारमध्ये हा साधा प्रश्न नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडल्या गेल्या, २०२५ च्या सुरुवातीला ते काम संपलं. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. ज्यांनी घरं विकत घेतली होती त्यांच्या बातम्या छापून आल्या. जे भाड्याने राहत होते, त्यांच्या डिपॉझिटचं काय झालं हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला विजय नगरात रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली. इमारत काही जुनाट नव्हती, २०१२ च्या सुमाराची.

तेव्हा घरपट्टीची पावती दाखवली म्हणजे इमारत कायदेशीर, असं मानू नका. बेकायदा इमारतीलाही महापालिका घरपट्टी लावते. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आहे का ते विचारा. बनावट कागदांची प्रकरणंही इथे उघड झाली आहेत, म्हणून नक्कल महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात दाखवून विचारा. घर खरंच त्याच्या नावावर आहे का हे इंडेक्स टू वरून कळतं. नालासोपाऱ्यात ओसी असलेलं घर ७,५०० ला मिळणं अवघड आहे हे मलाही कळतं. मिळत नसेल तर निदान डिपॉझिट कमीत कमी द्या. बुडालं तर कमी बुडावं.

एक गोष्ट आपण बायका विसरतो ती म्हणजे करारावर नाव कुणाचं. दोघं मिळून भाडं भरत असाल तर दोघांचंही नाव घाला. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर करार असला तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर भाड्याचं असलं तरीही. वेळ पडली तर न्यायालय नवऱ्याला दुसरं घर देण्याचा किंवा त्याचं भाडं भरण्याचा आदेश देऊ शकतं. पण कोर्टाची तारीख यायच्या आत मालकाने "करार साहेबांबरोबर झाला होता" असं म्हणून दार लावून घेतलं, तर हातातला कागदच बोलतो.

आणि एकट्या बाईला सोसायटीचे लोक जे विचारतात, नवरा कुठे असतो, पाहुणे कोण येणार, रात्री किती वाजता येता, त्याची यादी आपण सगळ्याजणी करू शकतो. विरार लोकलने रात्री साडेदहाला उतरणारी बाई कामावरून येत असते हे या गावात तरी सांगावं लागू नये. पण सांगावं लागतं.

शेवटी मैत्रिणीने काय ठरवलं? हिशोब केल्यावर तिने ठरवलं की खोली घ्यायची, पण ४०,००० डिपॉझिट नाही, ३०,०००. लॉक-इन तीन महिने. उरलेले १०,००० बँकेत वेगळे, त्याला हात लावायचा नाही. करार रजिस्टर. वहिनीला आधीच सांगून ठेवायचं की गरज पडली तर महिनाभर परत येईन. वहिनी म्हणाली, "चटई गुंडाळून ठेवते, फेकत नाही."

मालकाने दोन अटी मान्य केल्यात, लॉक-इनवर अडलाय. सहा महिन्यांवर यायला तयार आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता तिच्याबरोबर मी त्याच्याकडे जाते आहे. आणखी एक-दोघी आल्या तर बरं, चार बायका बसल्या की माणूस कागद जरा हळू वाचतो. यायचं असेल त्यांनी नालासोपारा पूर्वेला, तिकीट खिडकीपाशी पावणेअकराला भेटा.