थेंब झोंबतात म्हणून बाटली फेकू नका



सभा कापसाच्या भावाची, आणि हे डोळ्याच्या थेंबांचं काय काढलं, असं तुम्हाला वाटेल. पण सोंगणी-वेचणी तोंडावर आली आहे. ज्वारीचं पान डोळ्याला चाटून जातं, पऱ्हाटीची काडी टोचते, मळणीत भुसा उडतो. जखम एवढीशी. तिच्यातून फ्युजेरियम नाहीतर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी शिरते आणि बुबुळावर पांढरा डाग धरतो. आपण म्हणतो फूल पडलं, आणि बसून राहतो. ते फूल नव्हे, चालू जखम असते.

यावर डॉक्टर नॅटामायसिनचे 5 टक्क्यांचे थेंब देतात. अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या चाचणीचा निकाल 2013 साली छापून आला. महागड्या वोरिकोनाझोलपेक्षा हेच औषध सरस ठरलं, फ्युजेरियमवर तर विशेषच.

पण हे थेंब सुखाचे नाहीत. सुरुवातीला तासातासाला घालायचे, पुढे कित्येक आठवडे चालू ठेवायचे. झोंबतात, डोळा लाल होतो, पापणी सुजते, खडा गेल्यासारखं खुपतं. बुबुळाची वरची पातळ साल कधी जागोजागी सोलते, मग जखम भरायला वेळ लागतो. औषध पाण्यात विरघळत नाही, गढूळ असतं, म्हणून बाटली दर वेळी हलवायची. त्याचाच पांढरा थर जखमेवर आणि पापणीच्या आत बसतो. घरचे म्हणतात, औषधानं फूल वाढलं! अँफोटेरिसिन तर इंजेक्शनचं औषध पातळ करून घालतात, ते याहून झोंबतं.

घात होतो तो इथंच. आपण बाटली फेकतो आणि दुकानातून लाली उतरवणारे थेंब आणतो. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली उतरते, ठणका थांबतो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. कळतं तेव्हा बुबुळाला भोक पडलेलं असतं.

लाली औषधाची की बुरशीची, हे घरी बसून कळत नाही. डॉक्टरांनाही यंत्रातूनच बघावं लागतं. थेंब कमी करायचे की बदलायचे, ते त्यांना ठरवू द्या. ठणका वाढला, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी एसटी धरा.

तासातासाला थेंब घालायला शेजारी माणूस लागतो. ऐन वेचणीत घरातली दोन माणसं अडकली. उत्पादनखर्चाच्या कोष्टकात याला रकाना नाही, हे आम्ही मांडणारच आहोत. तोवर मळणीला उभं राहताना साधा का होईना, चष्मा लावा. आणि ज्यांच्या घरी अशी बाटली आज चालू आहे, त्यांनी सभा संपल्यावर जरा थांबावं.