खरेदी आपल्या नावावर, मग हिशेब कोणी मागायचा?

(उमापूर येथील मेळाव्यातील भाषण)



वेचणीचे दिवस आहेत. घरचा कापूस झाडावर सोडून तुम्ही आलात, तेव्हा कामाचेच बोलतो.

इथल्या म्हाताऱ्या माणसांनी कापूस एकाधिकार खरेदी पाहिली आहे. विधिमंडळाने १९७१ साली कायदा केला, १९७२ च्या हंगामापासून योजना लागू झाली. कापूस पिकवायचा तुम्ही, विकायचा मात्र फक्त सरकारला. गाडी राज्याबाहेर नेली की गुन्हा. केंद्रावर बैलगाडीखाली रात्री काढायच्या, ग्रेडर म्हणेल ती प्रत मानायची, चुकाऱ्याची वाट पाहायची. वर भांडवल उभारणीसाठी शेकडा ३ रुपये कपात. डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, त्या याच कापसाच्या आंदोलनात.

ही योजना तोट्यात का गेली? शहरातला माणूस सांगतो, शेतकऱ्याला भाव जास्त दिला म्हणून. हे अर्धेच झाले. खरेदीचा पैसा कर्जाऊ होता. रुईच्या गाठी विकायला उशीर झाला की व्याज चढते, गोदामाचे भाडे चढते, विमा चढतो. यातला एक पैसाही तुमच्या पदरात पडत नाही. तोटा मात्र तुमच्या नावावर लिहिला जातो.

आता मुद्दा असा, की हे सभागृहाला वेळेवर का दिसले नाही? कर्ज सहकारी बँकेचे, त्याला हमी राज्य सरकारची. हमी म्हणजे जामीन राहणे. तुम्ही कोणाला जामीन राहता तेव्हा खिशातून दमडी जात नाही. सरकारचेही तसेच. हमी दिली त्या वर्षी अंदाजपत्रकात खर्च दिसत नाही. कर्ज थकले की वसुली जामीनदाराच्या दारात येते. मग पुरवणी मागणी मांडतात आणि आमदार हात वर करतात. तोवर पैसा गेलेला असतो.

सभागृहाचे हात रिकामे नाहीत. घटनेच्या कलम २९३ प्रमाणे सरकारने किती कर्ज काढावे, किती हमी द्यावी, याला विधिमंडळ कायद्याने मर्यादा घालू शकते. कलम १५१ प्रमाणे महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे ठेवावाच लागतो. पुढे लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून जाब विचारू शकते. पण अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो. वाचायचा कधी आणि बोलायचे कधी?

काही भाऊ म्हणतात, "साहेब, हिशेब मागितला तर सरकार खरेदीच बंद करील." भावांनो, एकाधिकार योजनेत हिशेब वेळेवर झाला नाही, आणि शेवटी काय झाले? २००२ नंतर मक्तेदारी गेली. ती गेली याचे मला दुःख नाही. पण तीस वर्षांच्या तोट्याचा बोल शेतकऱ्यावर राहिला, हे दुःख आहे.

आजही खरेदी आहेच. हमीभावाने कापूस भारतीय कापूस महामंडळ घेते. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा भाव क्विंटलला ८,११० रुपये, आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. महामंडळ केंद्राचे, म्हणून त्याचा जाब खासदाराला विचारायचा. ज्वारीची हमीभाव खरेदी राज्याच्या यंत्रणेमार्फत होते, तिचा जाब आमदाराला.

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते तेव्हा आपला माल केंद्रावर असतो. त्याआधी प्रत्येक गावाने तीन प्रश्न लेखी द्यावेत:

एक, किती माल घेतला आणि चुकारा किती दिवसांत दिला?

दोन, किती कर्जाला हमी दिली आणि व्याजात किती गेले?

तीन, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांवर काय केले?

पोच घ्या. उत्तर आले तर पुढच्या बैठकीत वाचू. नाही आले, तर मत मागायला येतील तेव्हा पोच दाखवू.